चार बंदुकांची एक करताना: ठाणे-नवी मुंबईतल्या परवानाधारकांसाठी

घणसोलीला आमची भातशेती होती तेव्हा पारसिकच्या डोंगरातून रानडुकरं उतरायची. त्यासाठी आजोबांनी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक घेतली, वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, बारा बोरची दुनळी. (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप.) पुढे जमीन सिडकोत गेली. शेताच्या जागी सेक्टर उभे राहिले, पण परवान्यावरचं कारण 'शेतसंरक्षण' तसंच राहिलं. जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, हातात पैसा आला, तेव्हा अप्पांनी एक .३१५ रायफल आणि .३२ चं रिव्हॉल्वर घेतलं. का घेतलं, हे त्यांनाही आज नीट सांगता येत नाही. राखायला शेत उरलं नाही आणि घरात चार शस्त्रं.

त्यातली तीन आता आमच्याकडे नाहीत. एक दुनळी आहे, माझ्या नावावर. हे करायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं दीड वर्ष केवळ कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गेलं. तुमच्या घरात अशी जास्तीची शस्त्रं असतील तर तो दीड वर्षाचा खर्च वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी कायदा, थोडक्यात

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला एक वर्ष दिलं होतं. ती मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. त्यामुळे आज तिसरी बंदूक घरात असेल तर 'बघू पुढच्या नूतनीकरणाला' म्हणू नका. विनापरवाना बंदूक बाळगण्याला याच दुरुस्तीने किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा केली आहे. वडिलोपार्जित आहे म्हणून सूट मिळते, हा समज आमच्याकडेही होता. वारसाने आलेली बंदूकही दोनच्या मोजणीतच धरतात. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांचे नियम वेगळे आहेत, त्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही.

त्याच दुरुस्तीतली एक बरी गोष्ट म्हणजे परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

पहिलं काम: कपाट उघडू नका, फाईल उघडा

आमची पहिली चूक इथेच झाली. शस्त्रं बाहेर काढून, पुसून, कोणती द्यायची यावर घरात वाद घालून झाल्यावर आम्ही परवाना वाचला. उलटं करायला हवं होतं.

एका कागदावर प्रत्येक शस्त्राची ओळ करा: प्रकार, बोर, बनावट, शस्त्राचा नंबर. शेजारी परवान्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा. मग प्रत्यक्ष शस्त्रावरचा नंबर वाचून तिसरा रकाना भरा. जुने परवाने कारकुनाने हाताने लिहिलेले असतात, आणि तीस-चाळीस वर्षांत ते दोन-तीन पुस्तिकांत उतरवले गेलेले असतात. आमच्या दुनळीच्या नंबरातला ७ मधल्या एका पुस्तिकेत १ झाला होता आणि पुढे १ च राहिला. विकायला गेलो असतो तर कागदावरची बंदूक आमच्याकडे नाही आणि आमच्याकडची कागदावर नाही, अशी अवस्था झाली असती. दुनळीचा नंबर बहुधा ट्रिगर गार्डवर (खटक्याभोवतीच्या कडीवर) किंवा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतो. त्यासाठी पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. काचेखाली बघा, मोबाईलने फोटो काढा. फरक दिसला तर पेनाला हात लावू नका. फोटो आणि खरेदीची जुनी पावती जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत विक्रीची गोष्ट काढू नका.

फाईलमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. एक, परवान्यावर युआयएन, म्हणजे प्रत्येक परवान्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का. देशभरातल्या परवान्यांची नोंद आता एनडाल-एलिस या प्रणालीत असते आणि हा क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य धरत नाहीत. दोन, परवाना कुणी दिलेला आहे. हे आपल्या भागात फार गोंधळाचं आहे. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय १९९४ चं. त्याआधीचे आपल्याकडचे परवाने ठाण्यातून निघालेले. आज ऐरोली ते पनवेल-उरणपर्यंतच्या माणसाने सीबीडी बेलापूरच्या आयुक्तालयात जायचं. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, बदलापूरवाल्याने ठाणे आयुक्तालयात. मीरा-भाईंदरला २०२० पासून वेगळं आयुक्तालय आहे. आणि मुरबाड-शहापूरकडच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. तुम्ही मुरबाडचा परवाना घेऊन घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आला असाल आणि पत्ता बदलला नसेल, तर पहिला अर्ज पत्ताबदलाचा. त्याशिवाय बाकीचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात. मी फिरवलेले आहेत.

दुसरं: रिकामी आहे, हे स्वतः बघा

'आमची कधीची रिकामीच आहे' हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकलंय, तिथे ते कुणी तपासलेलं नव्हतं.

काका गेल्यावर आजोबांची ठासणी काकूंच्या घरी माळ्यावर दोन वर्षं पडून होती. काकांच्या नावाचा परवाना त्यांच्याबरोबरच संपला होता, हे काकूंना कुणी सांगितलंच नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. तो माणूस गेला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायची असते. उशीर झाला होता, तरी आम्ही वकिलांशी बोलून, पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून ती जमा केली. तिथल्या एका वयस्कर हवालदारांनी बंदूक हातात घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती अशी: एक लांब लाकडी गज नळीच्या तोंडातून आत सोडला, तोंडाशी खडूने खूण केली, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून पाहिला. गज जिथे संपला ती जागा बत्तीच्या (दारू पेटवायच्या) छिद्राच्या चार बोटं अलीकडे होती. म्हणजे आत चार बोटं काहीतरी भरलेलं. दारू, चिंध्या, छर्रे. आजोबांनी कधी ठासले असतील कुणास ठाऊक. हवालदार शांतपणे म्हणाले, "सगळे जरा बाजूला व्हा," आणि बंदूक भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी परवानाधारक बंदूक कारागिराने ती उपसली. लहानपणी आम्ही त्या बंदुकीने 'शिवाजी-अफझलखान' खेळलो होतो.

तर: दुनळी मोडून (म्हणजे सांध्यात वाकवून, उघडून) दोन्ही नळ्यांतून उजेड बघा. रिव्हॉल्वरचं चक्र उघडून सहाही घरं बोटाने चाचपा. रायफलचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या गोळी बसायच्या जागेत, गोळी असू शकते, बोल्ट मागे ओढून बघा. ठासणी असेल तर घरी जास्त काही करू नका. गज घालून मोजणं इतपत ठीक, उपसणं कारागिराचं काम.

तिसरं: काय ठेवायचं

इथे प्रत्येकाचं मत वेगळं असतं, मी माझं सांगतो. दोन ठेवता येतात म्हणून दोन ठेवायला पाहिजेत असं नाही. प्रत्येक शस्त्रासमोर चार प्रश्न लिहा: ते ठेवण्याचं आजचं कारण काय, ते चालवायला माझं शरीर धजतं का, त्याची काडतुसं सहज मिळतात का, आणि माझ्यानंतर ते कोण घेणार. तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर ते शस्त्र द्यायच्या यादीत.

.३१५ रायफल आमच्याकडे या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला पडली. ईशापूरच्या कारखान्याची चांगली रायफल, पण तिचं इथे करायचं काय? वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद. शेत नाही. आणि कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये स्वसंरक्षणासाठी रायफल म्हणजे शेजाऱ्यांना धोका. तिची गोळी आतल्या चार इंची भिंतीला जुमानत नाही. मोठं शेत असलेल्या, रानडुकरांसाठी वनखात्याची रीतसर परवानगी काढणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी.

.३२ रिव्हॉल्वर साधं असतं, अडकत नाही, सहा गोळ्या, कानपूरच्या कारखान्याचं असलं तर दुरुस्तीही होते. ज्याला खरोखर धोका आहे, रोकड घेऊन फिरावं लागतं, त्याने जरूर ठेवावं. पण त्याची एक अट आहे जी कुणी पाळत नाही: सराव. वर्षातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर न गेलेल्या माणसाच्या कमरेचं रिव्हॉल्वर समोरच्यापेक्षा त्यालाच जास्त जड. अप्पांनी ते वीस वर्षांत लग्नाच्या हळदींना मिरवण्यापलीकडे वापरलं नाही. (हळदीत बार काढणाऱ्यांसाठी: आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केल्यास आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हिडिओ काढणारा भाचाच पुरावा देतो.)

राहिली दुनळी. माझ्या मते साध्या माणसासाठी हीच सगळ्यात सरळ बंदूक. मोडली की भरलेली की रिकामी ते एका नजरेत कळतं, लपून बसायला तिच्यात मॅगझिन नाही, काडतुसं सगळ्यात सहज मिळतात, खडकीच्या कारखान्याची चालतात. मात्र जुनी विलायती असेल तर ठेवण्याआधी कारागिराकडून दोन गोष्टी तपासून घ्या. नळ्यांवर लाकडाच्या रेघांसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर त्या पट्ट्या पिळून केलेल्या डमास्कस नळ्या असू शकतात. अशा नळ्या बहुधा काळ्या दारूच्या काळातल्या, आजच्या काडतुसाचा दाब त्यांना झेपेलच असं नाही. दुसरं चेंबरची लांबी. अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांची चेंबर अडीच इंचांची असते आणि हल्लीची बरीच काडतुसं पावणेतीन इंचांची. गंमत अशी की न उडालेलं काडतूस आत बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडाल्यावर ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय, हा हिशोब इथे चुकतो.

एअरगनचं एक सांगतो, कारण लोक तीही मोजतात: .१७७ बोरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, ती दोनच्या हिशोबात नाही. पोरांना नेमबाजीची आवड असेल तर तीच घ्या.

चौथं: द्यायची कशी

चार वाटा आहेत.

विक्रेत्याला विकणं ही सगळ्यात मळलेली वाट. किमतीची आशा ठेवू नका. प्रत्येकाची मर्यादा दोनवर आल्यावर देणारे वाढले, घेणारे कमी झाले. रायफलचा आकडा ऐकून अप्पांनी चहाही पुरा घेतला नाही. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, पण भावापेक्षा पावती नीट बघा: शस्त्राचा प्रकार, बोर, नंबर, तुमचा परवाना क्रमांक, युआयएन, विक्रेत्याचा परवाना क्रमांक, तारीख, शिक्का. आम्ही ज्याच्याकडे पहिल्यांदा रायफल जमा केली त्याने साध्या पॅडवर 'एक रायफल मिळाली' एवढंच लिहून दिलं. तो कागद आयुक्तालयात कुणी हातात धरला नाही. नीट पावतीसाठी सात महिने हेलपाटे.

दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राला जागा मंजूर असली पाहिजे, ते स्वतः वाचा. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता परवाना प्राधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. पोच घेतलेल्या प्रतीवरच्या तारखेपासून दिवस मोजा. विक्रेत्याला देतानाही ही सूचना आधी द्या. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय चांगला दुकानदार शस्त्राला हात लावत नाही, आणि जो लावतो त्याच्याकडे जाऊ नका.

तिसरी वाट वारसाची, आणि भावनेचा गुंता असेल तर हीच योग्य. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावे परवान्यासाठी शिफारस करू शकतो. मुलगा-मुलगीच नव्हे, सून, जावई, भाऊ, बहीणही चालतात. वारसाला स्वतंत्र अर्ज, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण हे सगळं करावं लागतं, आणि इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. ते ना-हरकत आजच घ्या, सगळे एका ताटात जेवतायत तोवर. अप्पा बहात्तरचे असताना दुनळी माझ्या नावावर आली ती अशी. आमच्या बहिणीने सही करताना एकच अट घातली: खंडेनवमीला पूजेला ती दिसली पाहिजे. दिसते.

चौथी, कुणालाच नको असेल तर सरकारजमा. ठासणीचं आम्ही तेच केलं. एक लक्षात ठेवा: जमा केलेलं शस्त्र विकण्याचा किंवा परत मागण्याचा हक्क ठरावीक मुदतीपुरताच असतो, त्यानंतर ते सरकारजमा होऊ शकतं. 'पोलीस ठाण्यात सुरक्षित आहे' म्हणून वर्षानुवर्षं विसरू नका.

नेण्याचा दिवस

शस्त्र रिकामं, पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात. मूळ परवाना, परवानगीचं पत्र, ओळखपत्र बरोबर. स्वतःच्या गाडीने जा, लोकलने नको. कायद्यापेक्षा गर्दीच्या डोक्याची भीती जास्त. सण, मोर्चे, निवडणुका जवळ आल्या की आयुक्तालयं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदी असते. निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करून विचारा. आणि आचारसंहितेच्या काळात हे काम काढूच नका. तेव्हा अनेकांना शस्त्रं जमा करायला सांगतात, परवाना शाखेत गर्दी असते, आणि तुमचं शस्त्र विक्रीसाठी आलंय की निवडणुकीपुरतं जमा व्हायला, याचा घोळ होतो.

काडतुसं

बंदूक गेली पण तिची काडतुसं राहिली, असं दहातल्या आठ घरांत होत असावं. आमच्याकडे झालं. रायफल देऊन वर्ष झाल्यावर दसऱ्याच्या साफसफाईत आईच्या पितळी भांड्यांच्या ट्रंकेत, कळशीच्या आत, फडक्यात बांधलेली .३१५ ची अकरा काडतुसं निघाली. ज्या बोरची बंदूक तुमच्या परवान्यावर नाही तिचं काडतूस ठेवणं हाही गुन्हाच. कचऱ्यात टाकू नका, खाडीत तर नाहीच, विसर्जन नव्हे ते. पोलीस ठाण्यात फोन केला, संख्या सांगितली, अर्ज लिहून नेऊन दिली आणि पोच घेतली. म्हणून शस्त्र द्यायच्या आधीच सगळे डबे, जुने कोट, गाडीची डिकी, गावचं घर शोधा, आणि काडतुसं त्याच पावतीत नोंदवून त्याच दिवशी द्या.

नोंद कमी करून घ्या

शस्त्र गेलं म्हणजे काम संपलं असं वाटतं, आणि बरेच जण इथेच थांबतात. पावती जोडून अर्ज द्या, परवान्यावर ते शस्त्र कमी केल्याची नोंद सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि संगणकावरच्या नोंदीतूनही ते निघालं का हे खिडकीवर उभं राहून विचारा. आमच्या पुस्तिकेत रिव्हॉल्वर कमी झालं होतं, पण संगणकात दिसतच होतं. नूतनीकरणाला गेल्यावर 'रिव्हॉल्वर दाखवा' म्हणाले.

उरलेल्या एकीची निगा

खाडीकाठच्या हवेत लोखंड टिकवणं सोपं नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बंदूक बाहेर काढा, नळीतून तेलाचा हात फिरवा, बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून मग पातळ तेल लावा. हात लागलेल्या जागा आधी पुसा, घामातलं मीठ रात्रीत डाग पाडतं. चामड्याच्या किंवा गोधडीच्या म्यानात कायमची ठेवू नका. ते म्यान पावसाळ्यात ओल धरतं, आणि अप्पांच्या दुनळीच्या डाव्या नळीवर म्यानाच्या शिवणीची तांबडी रेघ अजून आहे. भिंतीत बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी कुठे आहे हे फक्त परवानाधारकाला माहीत असावं. आमच्याकडे ती देवघरात असायची, म्हणजे साऱ्या गावाला माहीत.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. त्यावर शस्त्राचा नंबर, परवाना क्रमांक, युआयएन, मुदत संपण्याची तारीख, पोलीस ठाण्याचा फोन, आणि खाली बायकोसाठी दोन ओळी: मी गेल्यावर याला हात लावू नकोस, आधी पोलीस ठाण्यात फोन कर आणि पोच घेतल्याशिवाय बंदूक सोडू नकोस. या कागदाची एक प्रत तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे, कारण या कपाटाची चावी तिच्याकडे नसते.